नवव्या बोयापाशी

विश्राम कुबल पाण्यातून बाहेर यायला तयार नव्हते. सकाळी दहाला टाकीत उतरले होते, आणि आता दुपारचा एक वाजून गेला होता. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस. बोटांची कातडी सुरकुतून पांढरी पडलेली, ओठ जरासे निळे. पण कुणी हाताला धरून उठवायला गेलं की मान हलवायचे आणि पुन्हा पाठीवर आडवे व्हायचे. शेवटी मिहीरने चार वर्षांत पहिल्यांदा आपल्या बहिणीला फोन केला.

"ताई, बाबा ऐकत नाहीत. तू ये."

"बाबा गेली अकरा वर्षं ऐकत नाहीत," केतकी म्हणाली.

"तसं नाही. ये तू, मग कळेल." एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

कॅप्टन केतकी कुबल ही कालवशी बंदरातल्या सात पायलटांपैकी एक. बंदरातला पायलट म्हणजे बाहेरून आलेल्या जहाजावर शिडीने चढणारा आणि ते खाडीच्या अरुंद वाटेने धक्क्यापर्यंत सुखरूप आणणारा माणूस. जहाजाचा कप्तान सगळं जग फिरलेला असला तरी ही खाडी त्याला नवी असते. पायलटला तिचा प्रत्येक खडक पाठ असतो. केतकीला तर तो लहानपणापासूनच पाठ होता. त्या दिवशीही तिने तीनशे मीटर लांबीचं एक जहाज चौदा किलोमीटर आत आणून साडेअकराला धक्क्याला लावलं होतं. तिचं जेवणही अजून व्हायचं होतं.

मच्छीमार सोसायटीचा बर्फाचा कारखाना मासळी कमी झाल्यावर बंद पडला होता. तो मिहीरने मागून घेतला होता. मिहीर मुंबईला कलाशाळेत शिकला, पण रंग आणि माती सोडून आवाजाच्या मागे लागला. दारावर त्याने पाटी लावली होती: 'कानभर खाडी. आत या. आडवे व्हा. कान पाण्यात बुडू द्या.' आत एक गोल टाकी, छातीइतकं कोमट खारं पाणी, काठाला धरायला दोर. भिंती काळ्या. बघण्यासारखं काहीच नाही. सहा माणसं एका वेळी पाण्यावर तरंगत पडून राहायची, एवढंच.

केतकी आत आली तेव्हा टाकीत एकटे बाबाच होते. कानात मेण घातलेल्या कापसाचे बोळे, डोळे मिटलेले. चेहऱ्यावर असं काही होतं की ती रागावायचं विसरली.

"त्यांना ऐकू येतंय," मिहीर हळूच म्हणाला.

बाबा तरुणपणी पाण्यात बुडी मारून शेवंड, म्हणजे लॉबस्टर, काढायचे. दहा-दहा वाव खोल बुड्यांनी दोन्ही कानांचे पडदे फाटले, पू झाला, वर्षानुवर्षं कान वाहत राहिले आणि आतली नाजूक हाडं एकमेकांना चिकटून बसली. साधं श्रवणयंत्र त्या कानात बसत नव्हतं. डॉक्टरांनी कवटीच्या हाडात बसवायचं यंत्र सुचवलं, तेव्हा "डोक्याक भोक पाडून घेवचा नाय" म्हणून ते उठून आले होते. तेव्हापासून घरात सगळं बोलणं फोनच्या पडद्यावर लिहून चालायचं.

"हवेत आपण पडद्याने ऐकतो," मिहीर सांगू लागला. "पाण्यात पडद्याची गरजच नसते. आपलं अंग म्हणजे बहुतेक पाणीच. त्यामुळे पाण्यातला आवाज अंगाला आपटून परत जात नाही, सरळ आत शिरतो, कवटीच्या हाडातून थेट आतल्या नसेपर्यंत पोचतो. बाबांची ती नस धडधाकट आहे. मलाही हे सुचलं नव्हतं. ते नुसते बघायला म्हणून आले होते."

त्याने खिशातून छोटा माइक काढून तिच्या हातात दिला. "हा पाण्यातल्या स्पीकरला जोडलाय. बोल."

केतकीने माइक तोंडाशी धरला. ती म्हणाली, "बाबा, भूक लागली असेल तुम्हाला. घरी चला जेवायला."

बाबांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "तुझो आवाज आवशीसारखो झालो."

आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती. शेवटची दोन वर्षं ती काय बोलते हे बाबांना कधी ऐकूच आलं नव्हतं. केतकीने माइक मिहीरकडे दिला, बूट काढले आणि अंगावरच्या युनिफॉर्मनिशी टाकीत उतरली.

कान पाण्याखाली गेले तसं वरचं जग बंद झालं. आधी नुसती तडतड ऐकू आली, तव्यावर मोहरी फुटावी तशी. खडकांच्या कपारीत राहणाऱ्या चिमुकल्या कोळंबीच्या नांग्यांचा तो आवाज होता. मधेच कसलं तरी घासणं, कसला तरी टणत्कार. खाडी इतकी बोलकी असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. ही सगळी बडबड त्या क्षणाची, खरी, बाहेरच्या खाडीतली होती. दोन वर्षांपूर्वी बंदराने आपल्या दळणवळणासाठी खाडीच्या तळाशी काचेच्या तंतूंची केबल टाकली होती. तिच्यातला एक रिकामा तंतू सागरी संशोधन संस्थेला वापरायला मिळाला होता. संस्थेचे लोक त्यात लेझरचे बारीक ठोके सोडतात. काचेत जागोजागी अतिसूक्ष्म दोष असतात, त्यांच्यावरून थोडा प्रकाश मागे फिरतो. पाण्यात आवाज झाला की तंतू केसाच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी ताणला जातो, पण तेवढ्याने परत येणारा प्रकाश बदलतो, आणि कुठल्या मीटरवर काय वाजलं ते संगणक सांगतो. चौदा किलोमीटरची केबल म्हणजे तळाशी ओळीने मांडलेले हजारो कान. संस्थेच्या परवानगीने ते कान मिहीरने या टाकीला जोडले होते.

मग लांबून एक गुणगुण सुरू झाली. दीडचं जहाज. आज ते तिचा सहकारी आणत होता. गुणगुणीची घरघर झाली, आणि घरघरीत एक फुटकी, दाणेदार खडखड मिसळली. ती कसली हे केतकीला पुस्तकातून माहीत होतं. पंखा जोरात फिरला की त्याच्या पात्यांमागे पाण्याचा दाब इतका उतरतो की थंड पाणीसुद्धा उकळल्यासारखं बुडबुडे धरतं, आणि ते बुडबुडे फुटताना हातोडीसारखे आदळतात. परीक्षेत यावर तिने दोन पानं लिहिली होती. आज ते तिच्या दातांत शिरलं. मग बरगड्यांत. जवळ पडलेल्या बाबांचं अस्तित्वही उरलं नाही, कोळंबीची तडतड कधीच बुडाली होती. चौथ्या मिनिटाला ती उठून उभी राहिली.

"हा कमी केलेला आवाज आहे," मिहीर म्हणाला. "खरा जितका आहे तितका माणसांना ऐकवायची परवानगीच मिळाली नाही. इजा होईल म्हणाले."

बाबा मात्र उठले नव्हते. दोर घट्ट धरून ते जहाज जाईपर्यंत पडून राहिले. मग बसते होत त्यांनी केतकीकडे बघितलं.

"साडेअकराक इला, ता कोण घेवन येय होता?"

तिने स्वतःकडे बोट दाखवलं.

त्यांनी विचारलं ते रागाने नव्हे. खरोखरच कळत नव्हतं म्हणून विचारलं. "इतक्या जोरात कित्याक येतंस?"

धक्का रिकामा ठेवता येत नाही, क्रेन खोळंबतात, मागे पुढचं जहाज असतं. उत्तरं पुष्कळ होती. मिहीरने माइक पुढे केला. तिने तो घेतला नाही.

जेवणं झाल्यावर ती परत कारखान्यात आली. चार वर्षांपूर्वी बंदराच्या जनसुनावणीत मिहीर भर सभेत म्हणाला होता, "माझी सख्खी बहीण समोर बंदरवाल्यांच्या खुर्च्यांवर बसली आहे, यातच सगळं आलं." त्यानंतर दोघांनी एकमेकांचं तोंड बघितलं नव्हतं. आज तो विषय दोघांनीही काढला नाही.

"नववा बोया," मिहीरने पडद्यावर खाडीचा नकाशा उघडला आणि जहाजांना वाट दाखवणाऱ्या तरंगत्या खुणांपैकी, खडकांच्या रांगेजवळच्या एकीवर बोट ठेवलं. "मधल्या खडपाच्या शेजारी. तिथे घोळ मासा आहे."

"घोळ संपली, मिहीर. पंचवीस वर्षं कुणाच्या जाळ्यात आलेली नाही."

"चाळीसेक आहेत. ऐक."

त्याने लावलेला आवाज ढोलकीच्या चामड्यावर ओल्या बोटाने मारल्यासारखा होता. ढुम, ढुम, ढुम. एक, मग दहा, मग सगळीकडून. घोळीचे नर पोटातली हवेची पिशवी थरथरवून हा आवाज काढतात. कोजागिरीपासून मार्गशीर्ष संपेपर्यंत, सूर्य मावळतानाची पाऊण-एक तासाची मुदत. तेवढ्यात त्यांनी हाका मारायच्या, त्या ऐकून माद्या यायच्या आणि अंडी पडायची. बाबा तरुणपणी वल्ह्याचा दांडा दातात धरून, पातं पाण्यात सोडून हा आवाज ऐकायचे आणि घोळ कुठे आहे ते बोटाने दाखवायचे, हे दोघांनीही लहानपणी पाहिलं होतं.

"आता हा परवाचा." परवाच्या आवाजात तीच ढुमढुम होती. मग सहा वाजून पाच मिनिटांनी घरघर आली, खडखड आली, गेली. पुढे नुसती तडतड. मिहीरने तो पुढे नेला. दहा मिनिटं, वीस, चाळीस. घोळी परत बोलल्या नाहीत.

"जहाज गेल्यावरही पुन्हा सुरू होत नाहीत. संध्याकाळी जहाज असलं की तो दिवस वाया. आणि आठवड्यातले पाच दिवस संध्याकाळी जहाज असतंच. दोन-तीन वर्षांत या चाळीसही राहणार नाहीत." तो खुर्चीत मागे रेलला. "मी सगळ्या गावाला इथे आणून झोपवणार आहे. मग बघू बंदर काय म्हणतं ते."

"गाव आण. पण मोर्चाने जहाजाचा वेग कमी होत नाही. तो कमी कसा करायचा ते मला बघू दे."

मिहीरने तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि सगळ्या नोंदी तिच्या फोनवर पाठवल्या.

बंदरातल्या जहाजांची ये-जा ठरवणारे हार्बर मास्टर कॅप्टन निंबकर तिचं म्हणणं शांतपणे ऐकून घेत होते. त्यांच्या हाताखालीच ती पायलट झाली होती.

"केतकी, वेग सहा नॉटवर आणलास तर जहाज सुकाणू ऐकत नाही. हे मी तुला शिकवायला नको. पंख्याने मागे फेकलेलं पाणी सुकाणूवर आदळतं, म्हणून ते वळतं. नवव्या बोयाशी वाट आहे अडीचशे मीटरची आणि भरती-ओहोटीच्या पाण्याचा आडवा ओढा. जहाज आडवं होऊन खडपावर बसलं तर बंदर दोन महिने बंद. डिझेलची टाकी फुटली तर तुझी घोळ, कालवं, सगळंच गेलं."

"दोन टग बांधून आणलं तर, सर?"

"नियमाने वेग ठरवायचा अधिकार पायलटचा आहे. मी नाही म्हणू शकत नाही," निंबकर म्हणाले. "पण हो म्हणतोय असंही समजू नकोस."

पुढच्या मंगळवारी संध्याकाळचं जहाज तिच्याकडे आलं. तिने ते खाडीच्या तोंडाशीच सहा नॉटवर आणलं, पुढे-मागे एकेक टग, म्हणजे जहाज ओढून-ढकलून वळवणारी बोट, बांधली आणि अकराऐवजी सहाने आत आली. रेडिओवर निंबकरांनी दोनदा विचारलं, "सगळं ठीक आहे ना?" आणि तिने दोनदा "ठीक आहे" म्हणून सांगितलं. जहाज धक्क्याला अर्धा तास उशिरा लागलं. शिडीवरून उतरताच तिने मिहीरला फोन लावला.

"थांबल्या," तो म्हणाला. "आणि परत सुरू झाल्या नाहीत."

दुसऱ्या दिवशी तिला बंदराचं पत्र मिळालं. विनापरवानगी वेळापत्रक बिघडवल्याबद्दल खुलासा द्या, तोपर्यंत जहाजं मिळणार नाहीत. सोळा वर्षांच्या नोकरीत अशी वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. बाकीचे पायलट कॅन्टीनमध्ये तिच्याशी नेहमीसारखे बोलत होते, पण जरा जपून बोलत होते.

ती कारखान्यात गेली. मिहीरला वाटलं होतं ती म्हणेल, झालं, सोड. तिने विचारलं, "मंगळवारचा आवाज ठेवलायस? बाबांना ऐकव."

बाबा टाकीत आडवे झाले. मिहीरने मंगळवारची संध्याकाळ सोडली. बाबांनी ती एकदा ऐकली, हात वर करून पुन्हा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर ते उठून बसले.

"ता जहाज नाय," ते म्हणाले. "जहाज गप इला. ती ढकलणारी बोट आरडता. दोन बोटी. एक पुढे, एक मागे. त्येंनीच घोळींक भियावला."

केतकी काठावर बसून राहिली. खरंच होतं. जहाजाचा पंखा तिने शांत केला होता, आणि ते धरून ठेवण्यासाठी दोन टगचे चार पंखे पूर्ण ताकदीने फिरवले होते. टग बॅटरीवर चालणाऱ्या, म्हणून तिने त्यांचा विचारच केला नव्हता. इंजिनाचा आवाज नव्हता, पण पंख्याचे बुडबुडे होतेच.

"मग टग नकोत," ती स्वतःशीच म्हणाली. "पंखाही नको."

"म्हणजे?" मिहीरने विचारलं.

"आठव्या बोयाला इंजिन बंद. एवढं वजन एकदा चालतं झालं की मैलभर आपोआप जातं. नवव्या बोयावरून ओघाने जायचं. दहावा मागे पडला की इंजिन सुरू."

"आणि सुकाणू?"

"सुकाणू जेमतेम," केतकी म्हणाली. "म्हणून भरती थबकते तेव्हाच जायचं. भरती संपून ओहोटी लागायच्या आधी काही मिनिटं पाणी उभं राहतं. तेव्हा ओढा नसतो."

हेच तिने खुलाशात लिहिलं. माफी मागितली नाही. जे केलं ते चुकलं कुठे, ते लिहिलं, आणि पुढच्या वेळी कसं करणार तेही लिहिलं. 'पुढच्या वेळी' या शब्दांखाली निंबकरांनी लाल रेघ मारली.

रविवारी सकाळी मात्र निंबकर स्वतः कारखान्यात आले. हाफ पँट, खांद्यावर टॉवेल. मिहीरने त्यांना ओळखलं आणि पाटीकडे बोट दाखवलं. निंबकर चाळीस मिनिटं पाण्यात होते. त्या वेळात एक जहाज आत आलं आणि एक बाहेर गेलं. बाहेर येऊन ते डोकं पुसत बसले.

"तीस वर्षं समुद्रावर काढली," ते म्हणाले. "पाणी किती खोल आहे, एवढंच विचारत आलो. कॅप्टन मॅडमना सांगा, उद्यापासून सिम्युलेटर त्यांच्यासाठी मोकळा आहे. तिथे जहाज खडपावर चढवलं तर चालेल."

पहिल्या नऊही वेळा केतकीने ते चढवलं. सिम्युलेटरच्या खोलीत तिन्ही भिंतींवर खोटी खाडी पसरलेली असे, आणि ती रोज सकाळी तिथे उभी राहून इंजिन बंद करी. कधी पाच मिनिटं लवकर आली म्हणून ओढ्यात सापडे, कधी वाऱ्याने नाक फिरे. दहाव्या वेळी निभावलं, अकराव्या वेळी पुन्हा आपटलं. एकतिसाव्या फेरीपर्यंत तिला कळलं होतं की जहाजाचं नाक चार अंशांपर्यंत वळलं तर सावरता येतं. चार ओलांडले की इंजिन सुरू करण्यावाचून गत्यंतर नाही, आणि तेही लगेच. तिने तो आकडा निंबकरांना सांगितला.

"एक जहाज तुला देतो. मी तुझ्यामागे उभा राहीन," निंबकर म्हणाले. "चारला तू इंजिन सुरू केलं नाहीस, तर मी करेन. आणि मग हा विषय संपला."

"मान्य," ती म्हणाली.

शुक्रवारी 'ऑर्किड ट्रेडर' नावाचं जहाज खाडीच्या तोंडाशी आलं. कप्तान रेयेस फिलिपिन्सचा होता, पन्नाशीचा, मृदू बोलणारा. केतकीने त्याला नकाशावर सगळं समजावलं. त्याने दोनदा विचारून घेतलं, मग म्हणाला, "माझे वडीलही मासेमारी करायचे. पण हे जहाज त्यांचं नाही. जपून."

सूर्य पाण्याला टेकत होता. टग अकराव्या बोयापलीकडे पंखे बंद करून थांबल्या होत्या. भरती सहा बाराला थबकणार होती. सहा वाजून चार मिनिटांनी आठवा बोया उजव्या हाताला आला.

"इंजिन बंद," केतकी म्हणाली.

पायाखालची थरथर थांबली. जहाजावर वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला ती थरथर जाणवत नाही. ती थांबली की मगच कळते. ब्रिजवर, जहाज हाकायच्या त्या उंच खोलीत, सगळे काचेतून समोरच्या पाण्याकडे बघत होते. तीनशे मीटरचं धूड, वर कंटेनरची सात मजली भिंत, आणि ते नुसतं घसरत चाललं होतं. वेग सहा नॉट. पाच पूर्णांक आठ.

नवव्या बोयाच्या अलीकडे नाक डावीकडे कलू लागलं. एक अंश. तिने सुकाणू उजवीकडे द्यायला सांगितलं. दीड. सुकाणू पूर्ण उजवीकडे. दोन. डावीकडे शंभर पावलांवर खडपाची काळी पाठ पाण्यातून वर आली होती.

"पायलट," रेयेस म्हणाला.

"थांबा."

अडीच. एक झटका इंजिनाला दिला की नाक जागेवर येईल, हे तिच्या हातांना माहीत होतं. सोळा वर्षं ते हेच करत आले होते. तीन. पाणी उभं राहायला आणखी दोन मिनिटं होती. सिम्युलेटरमध्ये ही दोन मिनिटं तिने एकवीस वेळा काढली होती, आणि त्यात खरा खडक एकदाही नव्हता. साडेतीन. मागे निंबकरांचा श्वास तिला ऐकू येत होता. सुकाणूवरचा खलाशी आकडा वाचत होता. साडेतीन. साडेतीन. पुन्हा साडेतीन.

"तीन," तो म्हणाला.

"तसंच ठेव."

नाक हळूहळू परत येऊ लागलं. नववा बोया बाजूने गेला, इतका जवळून की त्याच्यावरचे शिंपले दिसले. खडप मागे पडला. दहाव्या बोयाला वेग चारवर उतरला होता. जहाज पूर्ण सरळ झालं असं बघून केतकीने इंजिन सुरू करायला सांगितलं, एकदम मंद. थरथर परत आली. रेयेसने टोपी काढून कपाळ पुसलं आणि कॉफी मागवली.

फोन लगेच आला नाही. केतकी ब्रिजच्या बाहेरच्या कठड्यापाशी जाऊन उभी राहिली. सहा वीस झाले. टगनी दोर घेतले. सहा चोवीसला फोन वाजला. मिहीरचा नंबर होता, पण आवाज बाबांचा.

"केतकी, तू बोलू नको. माका आयकाक येवचा नाय. मी सांगतंय ता आयक."

मागून माणसांची कुजबुज येत होती. त्या दिवशी मिहीरने जमेल तेवढ्या सगळ्यांना बोलावलं होतं.

"तुझा जहाज इला ता माका कळला. आत काय तरी गुणगुणता, तितक्याच. घोळी गप झाल्यो. सगळ्यो. मगे जहाज पुढे गेला. मी मोजत होतंय. सात मिनटां काय नाय. मिहीर उठाक लागलो, मी तेका धरून ठेवलंय." त्यांना धाप लागली होती. "मगे एक बोलली. खडपाच्या मागसून. मगे दुसरी. आता सगळ्यो बोलतत. कितक्यो ता मोजूक येणा नाय."

फोन कानाला तसाच धरून तिने दुसऱ्या हाताने डोळे पुसले. निंबकर दारात आले. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि त्यांच्याकडे धरला. दोघं शेजारी उभं राहून ऐकत होते, आणि बाबा तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगत होते.

"उद्याचं संध्याकाळचं जहाज कुणाकडे आहे?" निंबकरांनी हलक्या आवाजात विचारलं.

"सावंतांकडे. पावणेसहाला."

"भरती उद्या सातला थबकणार. तोवर बाहेरच थांबवतो. तू सावंतांबरोबर चढ, त्यांना दाखव." मग म्हणाले, "मार्गशीर्ष संपेपर्यंत रोज असं करायचं तर बाकीच्या सहाही जणांना शिकवावं लागेल. सोमवारपासून सिम्युलेटरवर घे सगळ्यांना. मलासुद्धा."

फोनमध्ये बाबांचं सांगून संपलं होतं. पलीकडून काही उत्तर येणार नाही हे ठाऊक असूनही ते क्षणभर थांबले.

"बरा," ते म्हणाले. "मी परत पाण्यात जातंय."